कार्ड कुणालाच विचारत नाही

ऑफिसच्या दारापाशी न्यायचं एखादं जुनं, बाद झालेलं पांढरं कार्ड घ्या, खोलीतला दिवा बंद करा आणि ते कार्ड मोबाईलच्या टॉर्चवर धरून बघा. प्लास्टिकच्या पोटात तारेची वेटोळी दिसतात आणि एका बाजूला तिळाएवढा काळा ठिपका. तो ठिपका म्हणजे चिप. त्यात बॅटरी नाही, बटण नाही, काहीच नाही, आणि तरी रोज सकाळी दारापाशी ते नेलं की पी असा आवाज होतो आणि दार उघडतं. मी पहिल्यांदा ती वेटोळी पाहिली तेव्हा कितीतरी वेळ कार्ड हातात धरून नुसती बसले होते. इतकी वर्षं गळ्यात अडकवून फिरतोय आपण हे, आणि आत काय आहे ते कधी विचारलंच नाही.

मग काय, नाद लागला. आरसी५२२ नावाचं एक छोटं निळं मॉड्यूल मिळतं, ते आर्डुइनोला, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या एका छोट्या बोर्डाला जोडायचं, ३.३ व्होल्टच द्यायचे (५ दिले तर मॉड्यूल जाऊ शकतं), आणि कार्ड जवळ नेलं की स्क्रीनवर नंबर उमटतो. माझ्या ऑफिसच्या कार्डावर मात्र काहीच उमटेना. दोन रात्री मी वायरिंग तपासत बसले, सोल्डर काढून परत केलं, आणि शेवटी कळलं की मॉड्यूलमध्ये काही बिघाड नव्हताच, माझं कार्ड वेगळ्याच फ्रिक्वेन्सीचं होतं. ते मॉड्यूल चालतं १३.५६ मेगाहर्ट्झवर आणि ऑफिसचं कार्ड होतं १२५ किलोहर्ट्झचं. टॉर्चवर धरल्यावर हा फरक डोळ्यांनीसुद्धा दिसतो खरं तर, १२५ वाल्यात केसासारख्या बारीक तारेचे पुष्कळ वेढे असतात, बहुतेकदा गोल, आणि १३.५६ वाल्यात कडेकडेने मोजके चारपाच वेढे. पण हे तेव्हा कोण सांगणार.

ही कार्डं बोलतात कशी ते समजलं तेव्हाचा आनंद मला अजून आठवतो. रीडरमधल्या, म्हणजे कार्ड वाचणाऱ्या यंत्रातल्या कॉइलभोवती (कॉइल म्हणजे तीच तारेची वेटोळी) बदलतं चुंबकीय क्षेत्र असतं, कार्डाची कॉइल त्या क्षेत्रात आली की तिच्यात वीज तयार होते, ट्रान्सफॉर्मरसारखंच, आणि तेवढ्यावर चिप जागी होते. आता गंमत अशी की जागी झालेली चिप स्वतः काही प्रसारित करत नाही. ती फक्त आपल्या कॉइलवरचा भार कमीजास्त करत राहते आणि तो फरक रीडरला स्वतःच्या कॉइलमध्ये जाणवतो. आपण कुणाला तरी झोका देत असतो आणि बसलेल्याने मध्येच पाय जमिनीला घासले की देणाऱ्याच्या हाताला लगेच कळतं ना, तसं. कार्ड पाय घासत घासत आपला नंबर सांगतं. १२५ किलोहर्ट्झच्या साध्या कार्डात, म्हणजे ईएम४१०० जातीच्या, एकूण ६४ बिट, म्हणजे शून्य-एकच्या खुणा असतात, त्यातले खऱ्या नंबरचे ४०, बाकीचे मुख्यतः सुरुवातीची खूण आणि पॅरिटी, म्हणजे चूक पकडायचे बिट. एकेका बिटाला रीडरच्या क्षेत्राच्या साधारण ६४ लहरी लागतात, म्हणजे सगळा नंबर सेकंदाच्या तिसाव्या भागात सांगून होतो. आणि मग परत पहिल्यापासून. परत. क्षेत्रात आहे तोवर ते कार्ड तेच आणि तेवढंच सांगत राहतं.

कुणाला सांगतंय, हे ते बघत नाही. त्याला बघायची सोयच नाही. दारावरचा रीडर असो, माझ्या टेबलावरचा असो, क्षेत्र मिळालं की सांगायचं. हे मला आधी नुसतं तांत्रिक वाटलं होतं, त्यात माझ्यासाठी काही प्रश्न दडलाय हे फार उशिरा लक्षात आलं.

(या तंत्राचा एक पूर्वज तर सरळसरळ चोरून ऐकण्यासाठीच बनला होता. १९४५ साली मॉस्कोत अमेरिकेच्या राजदूताला सोव्हिएत शाळकरी मुलांनी लाकडात कोरलेलं अमेरिकेचं राजचिन्ह भेट दिलं. त्याच्या आत लेऑन थेरेमिन या रशियन संशोधकाने बनवलेलं एक यंत्र होतं, बॅटरी नाही, वायर नाही, बाहेरून रेडिओ लहर सोडली की ते खोलीतलं बोलणं त्या लहरीवर चढवून परत पाठवायचं. १९५२ पर्यंत ते सापडलंच नाही. म्हणजे सात वर्षं ती वस्तू भिंतीवर गप्प लटकलेली आणि बाहेरून कुणी विचारलं की बोलायची. ही गोष्ट वाचल्यावर मी गळ्यातल्या कार्डाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले.)

आता जे सांगायचंय ते सांगते.

माझ्या ऑफिसच्या कार्डाच्या मागे दहा आकडी नंबर छापलेला होता. अशा बऱ्याच कार्डांवर असतो, आणि तो काही निव्वळ अनुक्रमांक नसतो, चिपच्या आत जो नंबर असतो त्याचाच मोठा भाग दशमान पद्धतीत छापलेला असतो. मी माझं कार्ड १२५ च्या रीडरवर वाचलं, सोळाच्या पायातला आकडा दहाच्या पायात केला आणि छापलेल्या नंबराशी ताडून पाहिला. जुळला. नंबराच्या सुरुवातीचा थोडासा भाग छापलेला नव्हता, पण एकाच गठ्ठ्यातल्या कार्डांना तो बहुतेक सारखाच असतो. मग पुन्हा लिहिता येणारी कोरी कार्डं मागवली, टी५५७७ नावाची चिप असते त्यांच्यात, आणि माझाच नंबर एका कोऱ्या कार्डावर लिहिला. स्क्रीनवर दोन्ही कार्डं हुबेहूब सारखी. अगदी सोपं निघालं ते, सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नसतील.

तिथेच थांबायला हवं होतं. पण शेजारच्या डेस्कवरची माझी मैत्रीण माझ्याच दिवशी जॉईन झाली होती, आणि तिच्या गळ्यातल्या कार्डावरचा नंबर मला रोज दिसायचा, माझ्यापेक्षा फक्त एकाने जास्त. म्हणजे तिचं कार्ड हातात घ्यायचीसुद्धा गरज नव्हती, वाचायचीही नव्हती. माझ्या नंबरात एक मिळवायचा. एका रात्री मी तो मिळवला, कोऱ्या कार्डावर लिहिला, पॅरिटी बरोबर बसलीये का तपासलं, बसली होती. टेबलावर तीन कार्डं झाली, एक माझं, एक माझी नक्कल, आणि एक ती.

दाराजवळ ते मी नेलं नाही, हे खरं आहे. पण तेवढ्यावर मी स्वतःला सोडून देऊ शकत नाही, कारण ते लिहिताना मनात जे चाललं होतं ते मला माहितीये. चालेल का हे बघायची ओढ होती. आणि एक गुर्मीही होती, सगळे ज्यावर विसंबून आहेत ते किती पोकळ आहे हे फक्त मला कळलंय अशी. मग कार्ड हातात घेतलं, त्याला काही लेबल लावावं म्हणून पेन उचललं आणि लेबलवर काय लिहायचं तर तिचं नाव. तिथे हात थांबला. नाव लिहायच्या क्षणापर्यंत तो माझ्यासाठी नंबर होता. कार्ड त्याच रात्री पुसलं, शून्य लिहून दोनदा वाचून खात्री केली.

दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं. सांगावं की नाही यावर सकाळभर घोळ घातला, पण सांगितलं. मला वाटलं होतं ती विचारेल की हे होतं कसं, मग मी कॉइल वगैरे समजावेन. तिने तसलं काही विचारलं नाही. थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे तू रात्री दोन वाजता सर्व्हर रूममध्ये गेली असतीस तर लॉगमध्ये मी गेले असं आलं असतं?"

हो, आलं असतं.

"आणि मी नव्हते हे मी कसं सिद्ध केलं असतं गं?"

मला उत्तर देता आलं नाही. मी आत्तापर्यंत फक्त दाराचा विचार केला होता, दार उघडेल का, आणि उघडलं तर आत चोरी करणारी मी नाहीये, म्हणजे प्रश्न मिटला. तिला दाराचं काही पडलंच नव्हतं. तिला दिसली होती ती नोंद. कार्डाचा पी असा आवाज झाला की कुठेतरी एक ओळ लिहिली जाते, अमुक माणूस अमुक वेळी इथे होता, आणि पुढे काही झालं तर त्या ओळीवर सगळे विश्वास ठेवतात, त्या माणसाच्या शब्दापेक्षा जास्त. हजेरी त्यातूनच निघते, चौकशीही त्यातूनच. मी जे बनवलं होतं त्याने तिच्या नावाची खोटी साक्ष देता आली असती आणि हे करायला मला तिला हातही लावावा लागला नव्हता. माझ्या प्रयोगात एक माणूस होतं आणि त्या माणसालाच पत्ता नव्हता.

मग मी ऑफिसात रीतसर ईमेल लिहिली, की आपली कार्डं अशी अशी आहेत, नंबर ओळीने दिलेत, आणि ते कार्डावर छापलेत, निदान सर्व्हर रूमला तरी पिन लावा. उत्तर आलं ते असं, की हे तपासायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? माझं कार्ड एका दिवसासाठी बंद केलं गेलं आणि पिन काही लागला नाही. तेव्हा मी संतापले होते. आज मागे वळून बघते तर दोन गोष्टी वेगवेगळ्या दिसतात. पिन लावला नाही ही त्यांची चूकच, आणि ती मी आजही चूकच म्हणेन. पण त्यांचा प्रश्न बरोबर होता. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आधी विचारू शकले असते, चार ओळींची ईमेल, की मला माझं स्वतःचं कार्ड तपासायचंय, चालेल का. मी विचारलं नाही कारण नाही म्हणतील अशी भीती होती, आणि ज्या प्रश्नाला नाही हे उत्तर येईल असं आपल्याला आतून वाटतं तो प्रश्न टाळून पुढे जाणं, याला कुतूहल म्हणणं बरोबर नाही.

यानंतर मी या विषयात मोठ्यांनी काय केलं ते वाचायला घेतलं, आणि त्यात मायफेअर क्लासिकची गोष्ट मला सगळ्यात जास्त भावली. हे १३.५६ मेगाहर्ट्झचं कार्ड १९९४ मध्ये आलं, जगभर बस, मेट्रो, ऑफिसं सगळीकडे पसरलं. नुसता नंबर ओरडणारं नव्हतं हे, यात १६ सेक्टर, म्हणजे माहितीचे कप्पे, प्रत्येक सेक्टरला दोन किल्ल्या, आणि किल्ली ४८ बिटची, म्हणजे एकूण शक्यता २८१ लाख कोटींच्या वर. कुलपाची रीत मात्र गुप्त ठेवलेली, क्रिप्टो१ नावाची. २००७ च्या डिसेंबरात बर्लिनच्या एका परिषदेत कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लोट्झ यांनी सांगितलं की आम्ही चिप थराथराने घासून मायक्रोस्कोपखाली फोटो काढले आणि रीत शोधून काढली. कुलपातल्या त्रुटी तर वाचताना अंगावर काटा येतो अशा आहेत. कार्ड प्रत्येक वेळी एक यादृच्छिक, म्हणजे रँडम आकडा देतं, तो दिसतो ३२ बिटचा पण निघतो १६ बिटच्या रजिस्टरमधून, म्हणजे जेमतेम ६५,५३५ शक्यता, आणि त्याही वीज मिळाल्यापासून किती वेळ गेला यावर ठरलेल्या. साधारण ०.६ सेकंदात सगळा फेरा पूर्ण होऊन तेच आकडे परत. म्हणजे वेळ अचूक साधली की तोच रँडम आकडा हवा तितक्या वेळा मिळवता येतो!

पण माझं लक्ष खिळलं ते पुढच्या भागावर. नेदरलँड्समध्ये नायमेखनच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ च्या सुरुवातीला याच कार्डावरचे प्रत्यक्ष हल्ले शोधले. मार्चमध्ये त्यांनी आधी सरकारला आणि बनवणाऱ्या कंपनीला, एनएक्सपीला कळवलं, आणि सविस्तर निबंध ऑक्टोबरपर्यंत मागे ठेवला. कंपनी कोर्टात गेली, छापू देऊ नका म्हणून. जुलैमध्ये आर्नेमच्या कोर्टाने नकार दिला, आणि त्यात म्हटलं की नुकसान झालंच तर ते निबंधामुळे नाही तर त्रुटी असलेली चिप बनवून विकल्यामुळे होईल. हा निकाल मला पटतो, मनापासून पटतो. पण तो वाचताना हेही दिसतं की कोर्टाने ज्यांच्या बाजूने कौल दिला त्यांनी आधी सांगितलं होतं आणि छापायला ऑक्टोबरपर्यंत, सात महिने थांबायचं ठरवलं होतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बॉस्टनचं प्रकरण झालं. एमआयटीचे तीन विद्यार्थी तिथल्या मेट्रोच्या तिकिटांवर आणि कार्डांवर लास वेगासच्या डेफकॉन या हॅकरांच्या परिषदेत बोलणार होते, वाहतूक प्राधिकरणाने कोर्टाकडून मनाई आणली, आणि तोवर स्लाइड्स परिषदेच्या सीडीवर वाटूनही झाल्या होत्या. दहा दिवसांनी मनाई उठली. मनाई चुकीचीच होती असं मला वाटतं. पण त्या भाषणाच्या जाहिरातीत आयुष्यभर फुकट मेट्रोप्रवासाचं आमिष होतं, आणि ते मला खुपतं. काम तेच, अक्कल तीच, पण बोलावणं कुणाला आणि कशासाठी, यात फरक पडतो. कागदावर दोन्ही संशोधनच.

हे सगळं मोठ्यांचं झालं. आमच्यासारख्यांच्या टेबलावर हा प्रश्न फार साध्या रूपात येतो. मागच्या वर्षी माझा भाचा आला होता, कॉलेजात आहे, त्याच्याकडे लायब्ररीत प्रिंटआउट काढायचं प्रीपेड कार्ड. "मावशी, हे उघडतं का बघ ना." त्याचं कार्ड, त्याच्या हातात, तो समोर बसलेला, म्हणून मी वाचलं. मायफेअर क्लासिकच निघालं, आणि बऱ्याच सेक्टरच्या किल्ल्या कारखान्यातून आल्या तशाच, म्हणजे बारा वेळा एफ. त्याला मी दाखवलं की शिल्लक रक्कम कशी लिहिलेली असते, एकच आकडा तीनदा, त्यातला मधला उलटा करून, म्हणजे लिहिताना मध्येच कार्ड उचललं गेलं तर चूक कळावी. त्याचे डोळे चमकले. आणि लगेच पुढचा प्रश्न, "मग हा आकडा आपण वाढवू शकतो?"

मी नाही म्हणाले.

"शकत नाही की वाढवणार नाही?"

"वाढवणार नाही."

"पण किल्ली त्यांनी बदलली नाही मावशी, चूक त्यांची आहे ना?"

बरोबर आहे, चूक त्यांची आहे. मी त्याला म्हटलं की किल्ली बदलली नाही ही त्यांची चूक, आणि तू पैसे न भरता कागद काढलेस तर ती तुझी, एकीने दुसरी पुसली जात नाही. तो म्हणाला शंभर पानांनी कुणाचं काय जातं. मी म्हटलं मशीनपाशी जो माणूस बसतो त्याला महिन्याच्या शेवटी कागद आणि पैसे यांचा हिशोब द्यावा लागत असेल तर? जुळला नाही तर आधी कुणाकडे बघतील? त्याला तो माणूस माहीत होता, रोज भेटणारा. तो गप्प झाला, पण पटलं म्हणून की माझा मान राखायचा म्हणून ते मला सांगता येणार नाही. रागावून लवकर झोपायला गेला. जाताना मी त्याला दोन कोरी कार्डं आणि ते निळं मॉड्यूल दिलं, ते त्याने घेतलं.

माझ्या टेबलावर आता मी स्वतःचंच कुलूप बनवते आणि स्वतःच फोडते. एक छोटी सोलेनॉइडची, म्हणजे विजेने सरकणारी कडी, एक रीडर, आणि कार्डं सगळी माझी. आधी नुसत्या नंबरावर उघडणारं बनवलं, पाच मिनिटांत फुटलं. मग डेसफायर जातीचं, एईएस ही पक्की कूटपद्धत वापरणारं कार्ड आणलं, त्यात रीडरने आकडा द्यायचा, कार्डाने तो गुप्त किल्लीने बदलून परत करायचा, शिवाय कार्डही रीडरला तसंच तपासतं. म्हणजे हे कार्ड शेवटी विचारतं, तू कोण. ते चालवायला मला तीन महिने लागले, आणि पहिल्यांदा जेव्हा माझ्याच चोरट्या रीडरला त्या कार्डाने आत घेतलं नाही तेव्हा मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. फोडण्यातला आनंद खरा आहे, मी तो नाकारणार नाही. पण बनवण्यातला हा आनंद जास्त वेळ टिकला. आणि बनवताना कळलं की दुसऱ्या बाजूला बसलेल्या माणसाचं काम किती अवघड असतं, त्याला सगळ्या फटी बुजवायच्या असतात आणि मला फक्त एक शोधायची असते.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. मी राहते तिथल्या गेटचं कार्ड १२५ किलोहर्ट्झचंच आहे आणि मी ते वारंवार विसरते, मग रात्री बाहेर उभी. कीचेनला अडकवायच्या छोट्या टॅगवर त्याची एक नक्कल केली तर प्रश्नच मिटेल, आणि नंबर तर माझाच, माझ्याच नावाची नोंद होणार, इतर कुणाचा संबंध नाही. खूप दिवस मी स्वतःला हेच सांगत होते. पण कार्ड घेताना मी एका कागदावर सही केली होती, एका माणसाला एकच कार्ड, हरवलं तर कळवायचं. उद्या तो टॅग हरवला तर आत यायची एक किल्ली बाहेर फिरत राहील आणि गेट सांभाळणाऱ्यांना ती आहे हेच माहीत नसेल. हरवलेलं कार्ड ते बंद करू शकतात, पण ज्याची नोंदच नाही त्याचं काय करतील? आणि त्या गेटच्या आत मी एकटी राहत नाही.

म्हणून दोन आठवड्यांपूर्वी मी त्यांना लिहून दिलं, की मला माझ्याच नंबरचा एक टॅग बनवायचा आहे, किंवा तुम्ही दुसरा नोंदवलेला टॅग द्या, त्याचे काय असतील ते पैसे भरते. सोबत कार्डांच्या कच्चेपणाबद्दलही एक परिच्छेद लिहिला, या वेळी आधी विचारून, तुम्हाला हवं असेल तर समजावून सांगेन असं म्हणून. उत्तर अजून आलेलं नाही. टॅग कीचेनला लावून ठेवलाय, कोराच आहे. परवा रात्री परत कार्ड विसरले, चाळीस मिनिटं गेटबाहेर उभी होते, कुणीतरी येईपर्यंत.